घटावरचा आकडा आणि घटातला साठा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह, फार तर एखाद्या सुधारकाचे चरित्र ऐकावयास मिळणार अशी आपली अपेक्षा असते. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत तो एका खेळातल्या मोटारीच्या बॅटरीचा आहे. नेमके बोलायचे तर, त्या बॅटरीत वीज किती मावते हे मोजून पाहण्याच्या खटपटीचा आहे. कामगारांची गाऱ्हाणी सोडून हे गृहस्थ खेळण्यात कुठे शिरले, असे काही मंडळींच्या मनात आले असेल. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की हे मापाचे प्रकरण आहे, आणि माप हा युनियनच्या माणसाचा रोजचाच धंदा आहे. किती नग, किती तास, किती वजन, आणि ते कोणी मोजले, ह्या चार प्रश्नांवर आमची तीस वर्षे गेली. पुस्तके वाचली तीही ह्याच प्रश्नांच्या मागे लागून.

दुरून रेडिओलहरींनी चालवायची छोटी मोटार पुष्कळांनी पाहिली असेल. मुलांचे खेळणे म्हणून ती बाजारात मिळते. पण तिच्या एका जातीच्या रीतसर शर्यती होतात आणि त्यांत मोठी माणसे उतरतात. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली अशी विजेवर चालणारी मोटार काढली. ती पोर्श ९३४ ह्या गाडीची बाराव्या हिश्श्याची प्रतिकृती होती. बाराव्या हिश्श्याच्या विजेवरील मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे झाली. ह्या शर्यतीत अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेली असते. बाराव्या हिश्श्याच्या गाड्यांना आठ मिनिटे आणि दहाव्या हिश्श्याच्या गाड्यांना त्या काळी चार, पुढे पाच मिनिटे. तेवढ्या वेळात जो अधिक फेऱ्या मारील तो जिंकला. बॅटरीच्या घटांचा आकार आणि संख्या नियमाने बांधलेली. दहाव्या हिश्श्याच्या गाडीत बहुधा सहा घट, प्रत्येक सुमारे २३ मिलिमीटर जाड आणि ४३ मिलिमीटर लांब, सव्वा व्होल्टला थोडा कमी. सर्वांना सारखेच घट. म्हणजे शेवटच्या मिनिटात ज्याच्या घटात वीज शिल्लक तो पुढे, बाकीचे वाटेत थबकले.

घटावर छापलेले असे १२०० मिलिअँपिअर-तास. आता हिशेब पाहा. एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह एक तासभर. १.२ अँपिअर-तासांचा साठा चार मिनिटांत संपवायचा तर सरासरी १८ अँपिअरचा प्रवाह ओढावा लागतो. आणि हा छापील आकडा काढला कसा? अशा घटांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाची जी पद्धत रूढ आहे तीत घट आकड्याच्या दशांश प्रवाहाने सोळा तास चार्ज करावयाचा, एक ते चार तास विसावू द्यावयाचा, आणि मग वीस अंश उष्णतामानात आकड्याच्या पंचमांश प्रवाहाने, एक व्होल्टपर्यंत रिकामा करावयाचा. म्हणजे पाच तासांच्या निवांत चालीवर काढलेला आकडा चार-पाच मिनिटांच्या धावपळीला लावायचा. साठपट फरक! छापणारा खोटे बोलत नव्हता. तो दुसऱ्याच कामाचे माप सांगत होता.

हा घोळ खेळण्याच्या मोटारींनी निर्माण केला असे मात्र नाही. पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीच्या जन्मापासूनच तो तिच्याबरोबर आहे.

गास्ताँ प्लान्ते ह्या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे मध्ये विभाजक ठेवून गुंडाळले, सौम्य गंधकाम्लात बुडविले, आणि त्यात वीज भरून ती परत काढता येते हे दाखविले. पुढच्याच वर्षी त्याने नऊ घटांची बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. परंतु त्याचे पत्रे वीज धरण्याच्या लायकीचे होण्यास महिनेच्या महिने भरणे-उतरविणे करीत बसावे लागे. कामिल फोर याने १८८१ च्या सुमारास शिशाच्या पत्र्यावर शेंदराचा लेप चढवून हा वेळ वाचविला, आणि मग एकच गवगवा झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात घनफूटभर आकाराची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे गेली. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. पॅरिसमध्ये भरलेली वीज बहात्तर तासांच्या प्रवासानंतरही पेटीत होती. दहा लाख फूट-पौंड काम करील एवढी ऊर्जा पेटीत बसून आली, अशी वार्ता लंडनच्या 'टाइम्स'मध्ये झळकली. दहा लाख हा आकडा ऐकून माणसे थक्क झाली. वस्तुतः चांगल्या दगडी कोळशाच्या चारपाच तोळ्यांत तेवढीच ऊर्जा असते. एकक लहान घेतले की आकडा मोठा दिसतो, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. १.२ अँपिअर-तास लिहिण्याऐवजी १२०० मिलिअँपिअर-तास का लिहितात, ह्याचेही उत्तर कदाचित इथेच सापडेल.

त्याच १८८१ साली पॅरिसला विद्युत्‌शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि व्होल्ट, अँपिअर, कूलंब ही एकके ठरली. ह्या योगायोगाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. विजेची पेटी बाजारात आली आणि वीज मोजावयाचा काटाही त्याच वर्षी सर्वमान्य झाला. लगेच पुढच्या जानेवारीत पॅरिसच्या 'कॉन्झर्व्हातॉर दे झार ए मेतिए' ह्या संस्थेत एका समितीने फोरच्या पस्तीस घटांची रीतसर परीक्षा घेतली. निकाल असा की जेवढी वीज घातली तिच्यातील सुमारे नव्वद टक्के परत आली, पण जेवढे काम खर्चिले त्यातले साठ टक्केच परत मिळाले. विजेचे परिमाण जवळजवळ तेवढेच, मात्र ती कमी दाबाने बाहेर पडली. भरताना जास्त व्होल्ट द्यावे लागतात, काढताना कमी मिळतात. तेव्हा नुसते 'किती' हे विचारून भागत नाही, 'किती दाबाने' हेही विचारावे लागते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांनी शर्यतवाल्या पोरांना तो पुन्हा भेटणार आहे.

एडिसनचा ह्या बॅटरीवर फार राग. १८८३ साली त्याने एका मुलाखतीत साफ सांगितले की ही वस्तू भागभांडवलवाल्या कंपन्यांनी लोकांना फसविण्यासाठी काढली आहे, आणि माणूस बॅटरीच्या नादी लागला की त्याच्या अंगातली खोटे बोलण्याची सुप्त शक्ती जागी होते. गंमत अशी की हाच एडिसन पुढे निकेल आणि लोखंडाच्या घटामागे लागला. त्याचे पहिले घट बाजारात आले, तेव्हा काही गळू लागले आणि काहींची क्षमता भराभर उतरू लागली. उत्पादन थांबवावे लागले. सुधारलेला घट १९०९ साली आला, तो मात्र टिकाऊ निघाला. न्यूयॉर्कला त्याने १८८२ साली वीजपुरवठा सुरू केला, तेव्हा गिऱ्हाइकाने किती वीज वापरली हे काढण्यासाठी त्याने जस्ताच्या पट्ट्या द्रावणात ठेवल्या होत्या. महिन्याने त्या काढून तराजूत तोलायच्या आणि वजनातल्या फरकावरून बिल करायचे. अँपिअर-तास अक्षरशः तोलून घेतले जात. तराजू अर्थात कंपनीचा.

आता ह्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस येतो, आणि त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. विल्हेल्म प्यूकर्ट ह्या जर्मन संशोधकाने १८९७ साली शिशाच्या बॅटऱ्या निरनिराळ्या प्रवाहांनी रिकाम्या करून पाहिल्या आणि क्षमता ही बॅटरीची ठरीव वस्तू नव्हे, हे आकड्यांत मांडले. प्रवाह दुप्पट केला की वेळ निम्म्याहून कमी होतो. कारण साधे आहे. लेपाच्या बारीक छिद्रांतून आम्ल आत पोचायला वेळ लागतो. घाईने ओढले की वरवरचा लेप संपतो आणि आतला तसाच राहतो. म्हणूनच उतरलेल्या बॅटरीला थोडी विश्रांती दिली की ती आणखी थोडे चालते.

आपल्या घरचाच दाखला घ्या. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतलेला असतो, आणि बॅटरीवर १५० अँपिअर-तास लिहिलेले असते. बारीक अक्षरांत पुढे 'सी-२०' असे असते, ते कोणी वाचीत नाही. त्याचा अर्थ हा आकडा वीस तासांत सावकाश उतरविण्याचा आहे, म्हणजे साडेसात अँपिअरचा. पंखे, दिवे आणि टीव्ही मिळून बॅटरीतून ४० अँपिअर ओढले तर भागाकार सांगतो पावणेचार तास. प्यूकर्टचा घातांक १.२ धरून हिशेब केला तर पावणेतीन तासही पुरे होत नाहीत. दुकानदाराशी भांडण्यापूर्वी ती बारीक अक्षरे वाचावीत.

मापाची जबाबदारी कोणाकडे असावी, ह्याचा एक धडा कोळशाच्या खाणीतून आलेला आहे. इंग्लंडात खाणकामगाराला त्याने काढलेल्या कोळशाच्या वजनावर मजुरी मिळे, आणि वजन करणार मालकाचा माणूस. १८६० च्या कायद्याने कामगारांना आपला स्वतःचा तपासनीस काट्याजवळ उभा करण्याचा हक्क मिळाला. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून देत. मालकांनी अशा माणसांना कामावरून काढून टाकून तो हक्क पुष्कळ ठिकाणी निकामी केला, तेव्हा १८८७ च्या कायद्याने तो अधिक पक्का करावा लागला. त्याच खाणीतल्या डोक्यावरच्या दिव्यात पुढे बॅटरी आली. १९१२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील जेड खाणीत स्फोट होऊन ऐंशीहून अधिक माणसे मेली. उघड्या ज्योतीचे दिवे आणि खाणीतला वायू ह्यांची ती गाठ होती. त्यानंतर एडिसनच्या घटावर चालणारा बिनज्योतीचा दिवा तयार झाला आणि सरकारच्या खाण विभागाने १९१५ साली त्यास मान्यता दिली. अशा दिव्यासाठी त्या विभागाची अट क्षमतेच्या आकड्याची नव्हती. एकदा भरल्यावर दिवा निदान बारा तास जळला पाहिजे, अशी ती अट होती. ज्याला काळोखात अडकून पडायचे आहे त्याच्या बाजूने लिहिलेले हे माप आहे. इतकी शहाणी अट आम्ही सरकारी कागदांत क्वचित वाचली.

आमच्या वाट्याला ह्या विद्येचा उपयोग एका कारखान्यात आला. तिथे माल हलविणारे बॅटरीचे ट्रक होते. पाळी संपायच्या दोन तास आधीच एक ट्रक मध्येच बसे, आणि मेमो मिळे चालकाला. रात्री नीट चार्जिंगला लावला नाही, वाहन रेमटवले, असे लिहून. तीन चालकांना मिळून पाच मेमो झाले. आम्ही म्हटले, बॅटरीवर पाटी आहे, ४८ व्होल्ट, ४०० अँपिअर-तास, पाच तासांच्या दराने. मग आमच्यासमोर ती पाच तासांच्या दराने उतरवा. साहेबांनी हो-ना करीत मान्य केले. पिंपात मिठाचे पाणी, त्यात लोखंडी पत्रे. पत्रे खाली-वर करून ८० अँपिअर कायम राखायचे. दर पाव तासाला चोवीसही घटांचे व्होल्ट लिहायचे. एका वहीत देखभाल खात्याचा माणूस लिही, दुसऱ्या वहीत आमचा. घटामागे १.७, म्हणजे एकूण ४०.८ व्होल्टला थांबायचे ठरले होते. ती रेघ तीन तास दहा मिनिटांत आली. हिशेब झाला २५३ अँपिअर-तास; पाटीच्या त्रेसष्ट टक्के. ऐंशी टक्क्यांखाली गेलेली बॅटरी बदलावी असा अभियंत्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. चोवीसांपैकी दोन घट आधीच मान टाकून बसले होते आणि बाकीच्यांना खाली ओढीत होते, तेही वहीत दिसले. मेमो फायलीतून निघाले. नवी बॅटरी यायला मात्र आणखी चार महिने लागले.

एकापुढे एक जोडलेल्या घटांत दुबळा घट आधी रिकामा होतो आणि उरलेले त्याच्यातून प्रवाह रेटीतच राहतात, त्यामुळे तो उलटा भरू लागतो आणि बिघडतो. शर्यतीच्या मोटारीत नेमके हेच होई. त्या मोटारींतले घट निकेल-कॅडमियमचे होते. मूळ शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नरचा, १८९९ चा; पण घट पूर्ण बंद डब्यात ठेवण्याची युक्ती १९४७ नंतरची. शिशाच्या बॅटरीत आम्लाची घनता पाहून अंदाज बांधता येतो, ती सोय ह्या घटात नव्हती. आत काय आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच उरला, भरून रिकामा करून पाहणे.

हौशी मंडळींनी आरंभी मोटारीच्या मागच्या दिव्यांचे बल्ब घेतले, तेच ओझे. बॅटरीला बल्ब जोडायचे आणि घड्याळ लावायचे. युक्ती स्वस्त, पण तीत खोट अशी की बॅटरी उतरू लागली की बल्बमधला प्रवाहही कमी होतो. मग वेळ गुणिले प्रवाह करायचे तर कोणता प्रवाह धरायचा? पुढे ट्रान्झिस्टरच्या साह्याने प्रवाह कायम ठेवणारी यंत्रे आली. प्रत्येक घट एकेकटा यंत्रात घालायचा, ठराविक प्रवाहाने ओढायचा, प्रथम १०, मग २०, पुढे ३० अँपिअरने, आणि ०.९ व्होल्टला यंत्र आपोआप थांबे. निकाल सेकंदांत. गणित कोणालाही जमेल असे आहे. ३० अँपिअरने ३७० सेकंद चालला तर ३० गुणिले ३७० भागिले ३६००, म्हणजे ३.०८ अँपिअर-तास. ते सेकंद, त्याबरोबर सरासरी व्होल्ट आणि आतला रोध, असे छोटे लेबल प्रत्येक घटावर चिकटविले जाई. पॅरिसच्या समितीने १८८२ साली जे दोन निरनिराळे आकडे काढले होते तेच इथे शेजारी शेजारी येऊन बसले. सेकंद जास्त असलेला घट शेवटपर्यंत पोचे. व्होल्ट जास्त असलेला घट गाडी जोरात पळवी. दोन्ही गुण एकाच घटात क्वचितच उत्तम सापडत.

कारखान्याचा माल एकसारखा असता तर लेबलाचा काही उपयोग नव्हता. परंतु एकाच पेटीतल्या, एकच आकडा छापलेल्या घटांत फरक निघे. सारख्या सेकंदांचे आणि सारख्या व्होल्टचे सहा घट निवडून त्यांची जुडी बांधणे हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला. यंत्रवाला शेकडो घट तपासी, वरची मलई काढून महाग विकी, आणि उरलेले ताक साध्या गिऱ्हाइकाला छापील आकड्याच्या भावात. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती निवड. इंग्लंडातल्या कोळशाच्या काट्यापेक्षा ह्यात वेगळे काही आम्हांस दिसत नाही. फरक इतकाच की खेळाडूंनी लवकरच स्वतःची यंत्रे घेतली, मंडळात एक यंत्र दहाजणांत वापरले, आणि विकत आणलेल्या जुडीवरचे लेबल घरी पुन्हा तपासू लागले. एकाच घटाचे दुकानी सेकंद आणि घरचे सेकंद जुळेनात, तेव्हा चार्ज किती प्रवाहाने केला, चार्जनंतर किती वेळात उतरविला, घट ऊन होता की गार, असे प्रश्न निघाले. गरम घट थंड घटाहून जास्त व्होल्ट देतो. उष्णतामान लिहिले नाही तर माप अपुरे, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

छापील आकडे तिकडे वाढतच होते. १२०० चे १७०० झाले, १९९० च्या दशकाअखेर २४०० पर्यंत गेले. मग निकेल-धातुहायड्राइडचे ३०००, ३३०० आणि त्याच मापाच्या डबीत पुढे ४००० च्याही वर. ही वाढ खरी होती. यंत्रांनी ती सेकंदांत पडताळून घेतली. लिथियमच्या बॅटऱ्या आल्यावर मात्र आकड्यांचा तोल गेला. आता शर्यतीच्या बॅटरीवर क्षमतेबरोबर '१०० सी' असाही एक आकडा असतो. बॅटरी क्षमतेच्या शंभरपट प्रवाह देऊ शकते असा त्याचा दावा. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला हा दावा लावा. ५०० अँपिअर होतात, आणि सारी बॅटरी छत्तीस सेकंदांत रिकामी. तिच्या स्वतःच्या तारा तेवढा प्रवाह सोसणार नाहीत.

ह्याहून धीट प्रकार सुट्या घटांत आढळतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियमचा घट विजेऱ्यांत, लॅपटॉपमध्ये आणि कित्येक वाहनांत असतो. नामांकित कारखान्यांचे ह्या मापाचे उत्तम घट साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचे असतात. बाजारात मात्र ९९०० छापलेले घट राजरोस विकले जातात. हौशी मंडळींनी ते एक-एक अँपिअरने, तीन व्होल्टपर्यंत उतरवून पाहिले आणि छापील आकड्याच्या तुकड्याएवढीच वीज त्यांच्यातून निघाली. एवढे यंत्र ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी जुना मार्ग आहेच. खरा घट पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. ह्या तोतयांतले बरेचसे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तरी हलके भरतात.